निहोंगा शिकायला जायचंय, पण सरस घरात शिजवू कुठे?

सांजवेळ_डिचोली

नमस्कार मंडळी. मी डिचोलीची. पणजीत अल्तिनोवर कला महाविद्यालयात बीएफएच्या शेवटच्या वर्षाला आहे.

गेल्या डिसेंबरात ओळखीच्या एका चित्रकाराकडे दोन छोट्या बाटल्या पाहिल्या. एकीत गडद निळी, रेतीसारखी जाड पूड. दुसरीत पहाटेच्या आभाळाइतकी फिकट. दोन्ही एकच दगड, म्हणाले, फक्त दळण जाडं-बारीक. त्यांनी जाड पुडीतली चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली. ती अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दगडाच्या पुडीने रंगवायच्या त्या जपानी पद्धतीला निहोंगा म्हणतात हे तेव्हाच कळलं, आणि आता मला तीच शिकायची आहे.

इथून जपानला जाऊन हे रीतसर शिकता येतं का, किती वर्षं लागतात, खर्च किती? बाबा विचारतात, चार वर्षं बीएफए केलंस, आता आणखी तीन-चार वर्षं कागद नि सरस घेऊन बसणार, पुढे काय? मला उत्तर सुचत नाही. एका एजंटाने 'सीट करून देतो' म्हणत मोठी रक्कम सांगितली आहे, त्यामुळे घरचे आणखी बिथरलेत.

दुसरी अडचण घरातली आहे. रंग बांधायला सरस लागतो आणि सरस म्हणजे जनावराचं कातडं. आमचं देवघर स्वयंपाकघराला लागून आहे, आजी सोवळं पाळते. सराव इथेच सुरू करावा असं वाटतं, पण गायीच्या कातड्याचा सरस त्या घरात शिजवायला माझंच मन घेत नाही. लपवून मला काही करायचं नाही. कुणी यातून गेलं आहे का?

म्हापशेकर_९

मी चित्रकार नव्हे, पण माझा भाचा जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंगला गेला होता, त्यामुळे तेवढं ठाऊक आहे. एजंटाला एक पैसाही देऊ नका. मेक्स्ट नावाची ती शिष्यवृत्ती, तिचा अर्ज फुकट असतो. एक वाट दूतावासामार्फत, दुसरी थेट विद्यापीठाच्या शिफारशीने. आपल्यासाठी जपानचा मुंबईतला वाणिज्य दूतावास, तिथे विचारा. पदवीनंतर जायचं तर 'संशोधक विद्यार्थी' या गटात अर्ज करायचा, वय ३५ च्या आत हवं. फी माफ, विमानाचं तिकीट मिळतं, आणि भाच्याच्या वेळी महिन्याला सुमारे १ लाख ४३ हजार येन हातात पडत.

जपानी भाषा आजपासूनच सुरू करा. जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरात असते, पुण्या-मुंबईला केंद्रं आहेत. एन५ सर्वांत सोपी पायरी, एन१ सर्वांत कठीण.

पानवेल

बाय, मी माशेलची. २०११ ते २०१५ क्योतोत एका कला विद्यापीठात होते. पहिली दोन वर्षं संशोधक विद्यार्थी म्हणून, पुढची दोन एमए. आता गावात शाळकरी मुलांना चित्रकला शिकवते आणि दुपारनंतर माझं काम करते. तुझ्या तळहातावरची ती चिमूट म्हणजे अझुराइट. जपानीत गुंजो. माझीही सुरुवात त्याच निळ्यापासून झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निहोंगा म्हणजे जपानी देखाव्यांची चित्रं, अशी समजूत असेल तर ती इथेच सोड. चेरीची फुलं आणि फुजी पर्वत ॲक्रिलिकनेही रंगवता येतात. माझ्या वर्गातली एक मुलगी चार वर्षं फक्त विजेचे खांब आणि त्यांच्या तारा रंगवत होती, आणि ते अस्सल निहोंगा होतं. ही चित्रकला ओळखायची ती सामानावरून. दगडाची पूड, शिंपल्याचा पांढरा, काजळीची शाई, हाताने केलेला कागद किंवा रेशीम, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा सरस. नावसुद्धा फार जुनं नाही. १८८० च्या दशकात तिकडे तेलरंगाची पाश्चात्य चित्रकला पसरली, तेव्हा आपली ती वेगळी सांगायला हा शब्द रूढ झाला. शाळाही त्याच काळातल्या. क्योतोची १८८० सालची, तोक्योची १८८७ ची. तोक्योची ती आज गेईदाई म्हणून ओळखली जाते. तामा, मुसाशिनो, कानाझावा, आइची इथेही निहोंगाचे विभाग आहेत.

आता शिकवतात कसं. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या रंग हातात देतील. पहिले तीन आठवडे मी एका हायड्रेंजियाच्या फांदीसमोर पेन्सिल घेऊन बसले होते. शासेई म्हणतात त्याला, समोरच्या जिवंत वस्तूवरून काढायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं झालं. सर आले, पाच मिनिटं कागदाकडे पाहत राहिले आणि एवढंच विचारलं, "हे पान मागून कसं आहे?" मी पान उलटून पाहिलंच नव्हतं. मागची शीर वर उचललेली होती, म्हणून पुढची कड वळली होती. मी ती कड सुंदर दिसते म्हणून वळवली होती, का वळली ते मला माहीत नव्हतं. पुढचे दोन आठवडे त्यातच गेले. जुलैत आम्ही पहाटे पाचला कमळं काढायला जायचो, कारण दहा वाजेपर्यंत ती मिटायला लागतात.

शासेईनंतर छोटा आराखडा, मग चित्राच्या मापाचा मोठा आराखडा, मग तो कागदावर उतरवून शाईच्या बारीक रेघेने पक्का करायचा. या रेघेला ते हाडाची रेघ म्हणतात. रंग त्यानंतर. कागद जमिनीवर आडवा असतो, कारण उभा धरला तर पाणीदार रंग ओघळतो. मोठ्या चित्रावर फळीचा पूल टाकून त्यावर बसायचं आणि खाली वाकून काम करायचं. एफ १०० मापाचं चित्र म्हणजे सुमारे १६२ बाय १३० सेंटिमीटर. पहिल्या महिन्यात पाठीची दशा होते, मग सवय होते.

गोफुनबद्दल मात्र मला नीट लिहायचं आहे, कारण त्याच्याशिवाय बाकी काही उभं राहत नाही. गोफुन म्हणजे कालवाच्या शिंपल्यांचा पांढरा. आपल्याकडे शिंपले भाजून चुना करायचे, पणजीच्या फोंताइन्यशमधल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्याचे पातळ तुकडे बसवलेले तू पाहिले असशीलच. गोफुनचे शिंपले भाजत नाहीत. वर्षानुवर्षं ऊन-पावसात उघड्यावर टाकून ठेवतात आणि मग दळतात. म्हणून तो चुन्यासारखा हाताला लागत नाही.

पूड खलात घालून इतकी घोटायची की खलाचा आवाज बदलतो, खरखर जाऊन तलम होतो. मग कोमट सरस थेंबाथेंबाने घालत मळायचं. मोदकाची उकड मळताना एक क्षण येतो ना, पीठ बोटांना चिकटायचं थांबतं आणि गोळा आपोआप एकत्र येतो? अगदी तसंच. कानाच्या पाळीइतका मऊ झाला की थांबायचं. मग तो गोळा पांढऱ्या बशीवर आपटायचा, शंभर वेळा. मी मनात मोजत असे. साठच्या आसपास गोळ्याला चकाकी येते, ऐंशीला तो जड लागतो. त्यानंतर बशीला चिकटवून त्यावर गरम पाणी ओतायचं, ते टाकून द्यायचं, आणि मग थोड्या पाण्यात मधल्या बोटाने विरघळवायचा. कुंचल्याने नाही, बोटाने. बोटाला खडा कळतो, कुंचल्याला कळत नाही. कागदावर ओला असताना हा रंग जवळजवळ दिसतच नाही. अर्ध्या तासाने खोलीत परत यावं तर तो पांढरा होऊन बसलेला असतो. चार वर्षांत हजारदा पाहिलं असेल, तरी दर वेळी मी थांबून पाहते.

दगडाच्या रंगांना आकडे असतात. साधारण ५ पासून १३ पर्यंत, आणि सगळ्यांत बारीक ती 'ब्याकु', म्हणजे पांढरी. आकडा वाढला की दळण बारीक आणि रंग फिकट. तू पाहिलेली जाड पूड पाच-सहा नंबरची असावी. जाड पुडीला सरस जास्त लागतो, बारीकला कमी. सरस कमी पडला तर रंग वाळल्यावर झडतो, जास्त झाला तर कागद आखडतो आणि रंगाला भेगा जातात. नेमकं किती ते पुस्तकात नाही, हवेवर आहे.

आणि हवेचंच सांगते, कारण तू गोव्यात सुरू करणार आहेस. २०१६ च्या जुलैत मी माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीवर बांधतात त्या फळांच्या छताचं, चित्र घेतलं होतं. आंबाडे, कांगणांचे घोस, सुपारीचा घड, तोरिंगण, सगळी शासेई आदल्या चवथीला केलेली. एका रात्री सरसाचं भांडं टेबलावरच राहिलं. सकाळी थोडा वास आला. तो दिवस फुकट जाऊ नये म्हणून मी तोच सरस वापरला, तीन थर दिले. चवथीला घरी आलेल्या भाच्याने आंबाड्यामागच्या निळ्यावर बोट टेकवलं आणि त्याचं बोट निळं झालं. महिन्याभरात कागदाच्या खालच्या कडेला करड्या बुरशीची वर्तुळं आली. सडलेला सरस काही धरून ठेवत नाही हे मला चार वर्षं शिकवलेलं होतं, तरी मी तो वापरला. ते चित्र गेलं. आजही त्याची हळहळ वाटते, कारण त्या वर्षीचं ते तोरिंगण आमच्या दारच्या झाडाचं होतं आणि पुढच्या वादळात ते झाड पडलं.

त्यानंतर मी वर्ष वाटून घेतलं. मिरग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत फक्त शासेई, आराखडे आणि शाईची रेघ. जाड थराचं काम नोव्हेंबर ते मार्च. सरस एका वेळी थोडाच करायचा, १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम. रात्री भिजत घालायचा, सकाळी दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यावर ठेवून विरघळवायचा. उकळी फुटू द्यायची नाही, चिकटपणा मरतो. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. जेलीसारखा घट्ट होतो, तेवढाच काढून कोमट करायचा. वास आला की ओतून द्यायचा, दिवस गेला तरी.

आता आजीचं. मीही देवघर असलेल्याच घरातली. माझ्या आईने मला एकच विचारलं होतं, देवळात पखवाज वाजतो तो कशाने मढवलेला असतो? तिच्यापुरता प्रश्न मिटला. पण तुझ्या आजीला हे ऐकवू नकोस. वाद जिंकून मिळालेली परवानगी घरात टिकत नाही. तिला खरं काय ते सांग आणि विचार. 'हरणाचा सरस' म्हणून एक मिळतो, पण नावावर जाऊ नकोस, आत काय आहे ते विकणाऱ्याला विचारून घे. डिंक बारीक पुडीच्या पातळ थराला चालतो, जाड पूड त्याने धरत नाही. फुनोरी नावाचा समुद्रशेवाळाचा चिकट पदार्थ आहे, पण तो फार हलका, जुनी चित्रं सांभाळणारे वापरतात. चौथी वाट माशाची. माशाच्या पोटातला हवेचा फुगा, मुंबईकडचे कोळी बोत म्हणतात तो, त्याचाही उत्तम सरस होतो. सोमवार सोडला तर तुमच्या घरात मासे शिजतात की नाही?

बाबांचा प्रश्न रास्त आहे. फीचे आकडे त्यांना दाखव. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आहे, गेईदाईने ती ६,४२,९६० केली. शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नकोस असं मी सरळ सांगेन, कारण फीखेरीज रंग आहेत, आणि चांगला अझुराइट ग्रॅमवर विकतात. मी खालच्या थरांना मातीचे स्वस्त रंग वापरून दगडाचे रंग वरच्या थरापुरते ठेवायचे. तिथले बहुतेक विद्यार्थीही तसंच करतात.

प्रवेशासाठी आधी एक प्राध्यापक शोधावा लागतो, जो तुला घ्यायला तयार आहे असं लिहून देईल. त्यांना मी पाठवली होती ती वीस शासेई होती. केवडा, सुरंग, ओली सुपारी, पावसात उगवलेली अळमी. जपानी काहीच नव्हतं. नंतर सरांनी सांगितलं की अळमीच्या छत्रीची खालची बाजू काढली होती म्हणून त्यांनी उत्तर दिलं.

पुढे काय, तर पगाराची नोकरी या नावाने तयार नसते. माझं घर शिकवण्यावर चालतं, वर्षाला दोन-तीन चित्रं जातात. जुनी चित्रं आणि कागद सांभाळण्याचं शास्त्र मात्र तिथे फार मन लावून शिकवतात. त्यामागे एक जखम आहे. १९४९ च्या जानेवारीत नाराजवळच्या होर्युजी मंदिरातली भित्तिचित्रं जळाली, आणि आग लागली तेव्हा तिथे त्यांच्या नकला उतरवण्याचंच काम चालू होतं. त्या चित्रांची तुलना आपल्या अजिंठ्याशी करतात. पुढच्याच वर्षी त्यांनी वारसा जपण्याचा कायदा केला. गोव्यात जुने कागद, लाकडावरचा सोन्याचा मुलामा, देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रं, सगळं ओलीने झडत चाललंय. हे शास्त्र शिकून आलेल्या माणसाला इथे काम कमी पडेल असं मला वाटत नाही. बाबांना हेच सांग.

जुना_वाचक_पर्वरी

पानवेलताईंनी अजिंठ्याचं नाव काढलं म्हणून लिहितो. आराई काम्पो नावाचे निहोंगा चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून भारतात आले, कलकत्त्यात ठाकूरांच्या जोडासांकोच्या वाड्यात शिकवलं आणि अजिंठ्यात बसून तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. त्या नकला १९२३ च्या भूकंपात तोक्योत नष्ट झाल्या. त्याआधी १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो कलकत्त्याला आले होते. ताइकानना काम करताना पाहून रवींद्रनाथांचे पुतणे, चित्रकार अवनींद्रनाथ यांनी पाण्याने रंग पुन्हा पुन्हा धुऊन धूसर करण्याची पद्धत घेतली.

आणि आता गोव्याकडे या. आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, आमच्या सांतेस्तेवचे. मुंबईचं जे. जे. सोडून शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. साडीतली मेरी रंगवली म्हणून इथे टीका झाली, पुढे ते पुण्यात राहिले. त्यांची बरीच चित्रं आमच्या पर्वरीला, झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. दगडी रंगांचं काम नव्हे ते, जलरंगच, पण कडा कशा विरतात ते जवळून बघ. डिचोलीहून बसने तासाभराची वाट. मी निवृत्तीनंतर चारदा गेलो. एका चित्रातल्या मेरीच्या पदराजवळ उभा राहिलो की मला कलकत्त्यातले ते दोन जपानी पाहुणे आठवतात.

सांजवेळ_डिचोली

सगळ्यांना देव बरें करूं. एजंटाला नाही म्हणून कळवलं. शनिवारी पर्वरीला जाऊन आले. काका, तुम्ही म्हणालात तसं पदराजवळ बराच वेळ उभी राहिले.

आजीशी काल बोलले. सगळं सांगितलं, कातडं, मासा, डिंक, शेवाळ, काही ठेवलं नाही. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "कातड्याचें म्हज्या घरांत नाका. नुस्त्याचें आसल्यार फाटल्या दारांत चूल आसा." म्हणजे माशाचा असेल तर मागच्या दारी चूल आहे. आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळाने विचारलं, "त्या निळ्या फातराक मोल कितें?"

बाबा अजून गप्प आहेत, पण होर्युजीबद्दल त्यांनी मला दोनदा विचारलं. पानवेलताई, माशाच्या सरसाने गोफुन मळता येईल का? आणि शासेईची सुरुवात कशापासून करू?

पानवेल

येईल. माशाचा सरस पातळ असतो, तेव्हा थेंब जपून घाल आणि आपटणं शंभराच्या खाली आणू नकोस. पहिले गोळे बिघडतील, पाच-सहा तरी. पूड वाया जाते म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, बिघडलेला गोळा वाळवून पुन्हा खलात घालता येतो.

सुरुवात आजीच्या तांदळापासून कर. सूप, तांदूळ आणि तिचे हात. रंग नको, पेन्सिलच. तीन आठवडे एकच कागद, आणि सुपाची खालची बाजू पाहिल्याशिवाय वरची काढू नकोस.

पुढच्या रविवारी दुपारी माशेलला ये, मला निरोप पाठव म्हणजे पत्ता कळवते. माझ्याकडे सहा, नऊ आणि ब्याकु असे तीन अझुराइट उघडलेले आहेत, तिन्ही एकाच कागदावर लावून पाहू. आजींना यावंसं वाटलं तर घेऊन ये, दगड त्यांनाही बघू दे. घरात जुना चिनी मातीचा खल असेल तर बरोबर आण, मात्र मसाल्याचा नको. वास दगडात उतरत नाही, सरसात उतरतो.